पूजेआधीची गोळी

माहूर, पौष शुद्ध षष्ठी, संध्याकाळ

आज गड चढताना शिवाप्पाला चक्कर आली, आणि तिला कारण मी. लातूरचा हा डाळमिलवाला माझा शाळेपासूनचा दोस्त. इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय तो घास तोंडात घालत नाही. मधुमेहाची गोळी मात्र त्याने पहाटेच, उपाशीपोटी घेतली होती. मला हे ठाऊक नव्हतं का? होतं. पण मला सूर्योदय हवा होता. "पूजा वर कर, तिथून कैलास जवळ," असा विनोदही केला.

धुक्यातून दरी उघडत होती, मी श्लोक म्हणत होतो. वळून पाहतो तर तो पायरीवर, एवढ्या थंडीत घामाने भिजलेला. मी गूळ पुढे केला, त्याने मान हलवली. आधी लिंग तळहातावर घेतलं, पूजा केली, मगच गूळ खाल्ला. ती पाच मिनिटं सरता सरेनात.

सावरल्यावर म्हणाला, "पंडित, घरी बायकोला सांगू नको. ती मला परत कुठं सोडायची न्हाई."

आत्ताच वहिनींचा फोन येऊन गेला. "भावजी, वेळेवर खायलेत ना हे?"

"हाव," म्हणालो.

"तुम्ही हायेत ना संगं, मग मला घोर न्हाई."

तेव्हापासून फोन हातात धरून बसलो आहे.