शेवटच्या सत्रात तू आत होतीस

आई,

आज मी सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर काकावर ओरडलो. बायकोने मागून शर्ट ओढला, तरी मी थांबलो नाही. तुला जाऊन सतरा वर्षं झाली आणि तुझ्या बाजूने मी पहिल्यांदा तोंड उघडलं ते असं, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि वडापावच्या प्लेटांमध्ये. डोकं अजून शांत झालेलं नाही. म्हणून लिहितोय.

झालं असं, की आज कसोटी मालिका संपली. आमच्या मुलुंडच्या सोसायटीने मोठा पडदा लावला होता आणि सामन्यानंतर गप्पा ठेवल्या होत्या. विषय काय, तर कसोटी मालिका लक्षात का राहते? वरच्या मजल्यावरच्या एका तरुणाने लॅपटॉप जोडून याद्या दाखवल्या. कोणी किती धावा केल्या, किती बळी घेतले, कोणती मालिका पहिल्या नंबरावर. अरे, नंबर कसले लावता? दीड महिना आपण एका मालिकेबरोबर राहतो, उठतो, जेवतो, भांडतो. तू म्हणायचीस, ‘वन डे म्हणजे पाहुणे. आले, हसले, गेले. कसोटी मालिका म्हणजे शेजार. रोज दिसतात, मग हळूहळू माणसं कळतात.’ हे त्या यादीत कुठे बसवणार? मी आतल्या आत धुमसत होतो, तेवढ्यात माइक काकाकडे गेला.

काका नाहूरहून मुद्दाम आला होता. बाबांचा धाकटा भाऊ, आता अठ्ठ्याहत्तरचा, पण आवाज तसाच खणखणीत. त्याने त्या दौऱ्याची गोष्ट काढली. मी बारावीत होतो तेव्हाचा, पहाटे साडेपाचला खेळ सुरू व्हायचा तो दौरा. शेवटच्या कसोटीचा शेवटचा दिवस, आपल्याला नुसतं टिकून राहायचं होतं, टिकलो तर मालिका बरोबरीत. त्याने सगळं रंगवून सांगितलं. आमच्या हॉलमध्ये कोण कुठे बसलं होतं, शेवटची जोडी कशी लढली. आणि मग म्हणाला, ‘आमच्या वहिनी बिचाऱ्या आत भजी तळत होत्या. त्यांना काय त्याचं! ड्रॉ झाल्यावर बाहेर येऊन विचारतात, संपलं का?’ लोक हसले. बायकासुद्धा हसल्या, आई.

मी उठलो. म्हटलं, ‘काका, तिला सगळं कळायचं. तुझ्यापेक्षा जास्त कळायचं.’

त्या दीड महिन्यातलं तुझं मला सगळं आठवतं. पहाटे तू ओट्यापाशी उभी आहेस, एकीकडे आपल्या तिघांचे डबे, एकीकडे मिसळणाच्या डब्यामागे रेडिओ, आवाज इतका बारीक की कान लावावा लागतो. नऊला तू भांडुपच्या वीज कंपनीच्या ऑफिसात जायला निघतेस आणि चपला घालता घालता मला बजावतेस, ‘चहापानानंतर काय झालं ते नीट लक्षात ठेव. नुसता स्कोअर नको सांगूस, कोण कसा खेळला ते सांग.’ पहिल्या दोन कसोट्यांत सहाव्या नंबरचा तो बुटका फलंदाज चारही डावांत फुकट गेला. बाबा म्हणाले, हाकला त्याला. काका म्हणाला, वशिल्याचा आहे. तू पोळी लाटता लाटता म्हणालीस, ‘त्याला काढू नका. तो घाबरून आउट नाही होत, घाईने होतोय. घाई जाते माणसाची. भीती नाही जात.’ दोघं हसले. तिसऱ्या कसोटीत तो तास-दीड तास टिकला, चौथीत दुखऱ्या बोटाने खेळला. तू कोणाला काही बोलली नाहीस, फक्त दुसऱ्या दिवशी पेपरातला त्याचा फोटो कापून फडताळाच्या दाराला आतून चिकटवलास. मालिका अशी लक्षात राहते. एक माणूस पडतो, पडत राहतो, आणि कोणीतरी आपल्या स्वयंपाकघरातून त्याची बाजू सोडत नाही.

त्या शेवटच्या रविवारसाठी तू काय काय केलं होतंस! आदल्या दिवशीच उसळ करून ठेवलीस, कपडे धुऊन टाकलेस, आणि सकाळीच टीव्हीसमोर वेताची खुर्ची मांडून मला म्हणालीस, ‘आज मी इथून हलणार नाही हं.’ साडेदहापर्यंत खरंच हलली नाहीस. तो खेळत होता ना. मग बेल वाजली. बाबांनी ऑफिसातल्या चौघांना बोलावलं होतं, तुला न सांगता. पाठोपाठ काका. तू उठलीस आणि काका त्या खुर्चीत बसला. बाबा म्हणाले, ‘जरा चहा टाक, आणि भजी होतील ना?’ पाच मिनिटांनी परत ओरडले, ‘तो रेडिओ बंद कर गं, दोन-दोन आवाज नकोत.’ तू तोही बंद केलास. आपल्या ओट्यापाशी उभं राहिलं की टीव्ही दिसायचा नाही, टीव्ही बघणाऱ्यांची तोंडं दिसायची. त्या सत्रात तू आमची तोंडं बघून सामना पाहिलास. तुझा बुटका तीन तास उभा राहिला, अंगावर चेंडू घेतले, एकदाही घाई केली नाही. हे सगळ्यात आधी ओळखलेल्या बाईला त्या सत्रातला त्याचा एक चेंडू दिसला नाही!

मी हे सगळं हॉलमध्ये बोललो. माझा आवाज चढला होता. ‘त्या खुर्चीत तू बसला होतास काका, आणि आज तिच्यावर विनोद करतोस?’ याद्यावाला तरुण पडदा गुंडाळायला लागला. काकाचं तोंड पडलं. माइक बाजूला ठेवून तो मला म्हणाला, ‘खरं आहे तुझं. पण तूही होतास ना रे तिथे? तेव्हा का नाही बोललास?’

मी म्हटलं, ‘लहान होतो,’ आणि बाहेर आलो.

सतरा वर्षांचा होतो, आई. आणि गप्प नव्हतो. शेवटची सहा षटकं राहिली होती, शेवटची जोडी होती. तू पिठाने माखलेले हात तसेच घेऊन दारात आलीस, पदर कपाळाला टेकवून उभी राहिलीस. म्हणालीस, ‘मला जरा बघू दे रे.’ आणि मी मान न वळवता म्हणालो, ‘आई, तू आत गेल्यापासून विकेट पडलेली नाही. आतच थांब ना, प्लीज.’ सगळे म्हणाले, हो हो, जागा बदलू नका कोणी. तू हसलीस आणि आत गेलीस. शेवटच्या चेंडूपर्यंत बाहेर आली नाहीस. ‘संपलं का?’ हे तू विचारलंस ते म्हणून.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की मला शकुन-अपशकुनाचं खरंच वाटत होतं. थोडं वाटतही असेल. पण कढईत भजी पडलेली होती आणि मला ती गरम हवी होती. हे काकाला सांगितलं नाही. हे पत्र पोचवायला कुठला पत्ता नाही. असता तरी शेवटची ही काही वाक्यं फाडूनच मी ते पोस्टात टाकलं असतं.