अर्धं मोकळं तळं

प्रिय ऋजुता,

फोनवर बोलायची सोय नाही, म्हणून हे कागदावर. आमच्या इमारतीत एकांत मिळत नाही गं. सासऱ्यांच्या शेतावर टॉवर उभा राहिला आणि त्यात सगळी भावकी राहायला आली; लिफ्टचं दार उघडलं की आत एखादी चुलतसासू असतेच. टिटवाळा स्टेशनापर्यंत एकटी गेले, तर मी परतायच्या आत घरी खबर पोचलेली असते. रागावत कोणी नाही. उलट देवेश गाडी घेऊन न्यायला येतो. नवरा असा, सासर खाऊनपिऊन सुखी, मग तक्रार तरी कोणत्या तोंडानं करू? पण जीव गुदमरतो.

गणित शिकवणं मात्र सुटलेलं नाही. घरातल्याच एका खोलीत बारावीची मुलं शिकायला येतात. घातांकी वाढ शिकवताना पुस्तकातले जिवाणू बघून ती जांभया द्यायला लागली, तेव्हा मी त्यांना गच्चीवर नेलं. खाली गावदेवीचं तळं दिसतं. त्यात यंदा जलपर्णी शिरलीये. फोटो काढला, त्यावर चौकोन आखले. तळं नऊशे चौकोनांचं, त्यातले शंभर हिरवे. बारा दिवसांनी पुन्हा फोटो काढला, तर दीडशे. समीक्षा नावाची चुणचुणीत मुलगी आहे, ती म्हणाली, बारा दिवसांत पन्नास, म्हणजे भरायला अजून सहा महिने. मी म्हटलं, अगं बाई, जितकी जास्त झाडं तितकी जास्त पिल्लं, ती अशी एका चालीनं कशी वाढतील? दोन्ही बाजूंचा नैसर्गिक लॉग घे, म्हणजे घातात बसलेला टी, म्हणजे दिवस, खाली उतरतो. दीडचा लॉग भागिले बारा, हा वाढीचा दर. तळं भरायला दीडशेचे नऊशे, म्हणजे सहापट व्हायला हवेत, म्हणून सहाचा लॉग भागिले तो दर. उत्तर त्रेपन्न दिवस. समीक्षाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता!

जेवताना मी हे कौतुकानं सांगितलं. सासऱ्यांनी हातातली भाकरी ताटात ठेवली, पुन्हा समजावून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी भावकीभर सांगत सुटले, "आमची सून हाय, तिचा हिसाब चुकाचा नाय!" लग्नानंतर पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या शिक्षणाला विचारलं होतं. मी हरभऱ्याच्या झाडावर चढले.

इथे श्रावणात तळं साफ करायची रीत आहे. घरटी एक माणूस पाण्यात उतरतो आणि गणपतीआधी तळं लख्ख होतं. यंदा सासऱ्यांनी ती रीतच बंद केली. विसर्जन इमारतीजवळच्या हौदात होणार, मग चिखलात कशाला उतरायचं? लोकही म्हणाले, अजून अर्धं पाणी मोकळं आहे, सणानंतर बघू. मी जीव तोडून सांगितलं की अर्ध्याचं पूर्ण व्हायला जेमतेम तीन आठवडे लागतात. सासरे नुसते हसले. त्यांना ते माझ्याआधी कळलं होतं.

काल देवेशनं आनंदानं बातमी दिली, अनंत चतुर्दशीनंतरच्या मंगळवारी बांधकामाच्या परवानगीसाठी जागेची सरकारी पाहणी आहे. मी बोटांवर मोजलं. चोपन्नावा दिवस! पाणीच दिसलं नाही, तर तळ्याची दलदल ठरेल आणि तिथे टॉवरची दुसरी विंग उभी राहील. तारीख माझ्या उत्तरावरून काढलीये, ऋजू. आणि त्या विंगेत सासऱ्यांनी माझ्या क्लाससाठी मोठी खोली राखून ठेवलीये, फळ्यासकट. हे ते प्रेमानंच करतायत, ह्यात मला शंका नाही. म्हणून तर तोंड उघडत नाही. सासूबाईंनी पेढेसुद्धा वाटले, मीही एक खाल्ला.

हे सगळं तुलाच का लिहिते, ते सांगते. तू ठाण्याला वनस्पतिशास्त्र शिकवतेस, पोरांना घेऊन तळी साफ करायला जातेस. येत्या रविवारी इथे ये. पोरं आण, दोर आण, पाण्याचे फोटो काढ आणि पाहणीच्या आधी ते जिथे द्यायचे तिथे दे. त्यानंतर खोली मिळणार नाही, कदाचित हे घरही नाही. मला फार भीती वाटते. पण गावात कोणी विचारलंच, तुम्हाला कळवलं कोणी, तर माझं नाव सांग. माहेरचं नको, सासरचं आडनाव लावून सांग.

तुझीच,
कल्पिता