मार्चअखेर निर्वाण

२ मार्च
आजपासून पक्कं. मार्चअखेर निर्वाण. ध्यानकेंद्रातले सर म्हणाले, निर्वाण म्हणजे विझणं. तृष्णेची, द्वेषाची, मोहाची आग विझणं. मी आग विझवायचे सिलिंडर भरतो. विझवणं हा आपला धंदाच. बाकीच्या साधकांपेक्षा चार पावलं पुढेच आहे मी.

५ मार्च, सकाळी
ध्यान. गुडघे बोंबलत होते, लक्ष दिलं नाही. मधेच बायको सांगायला आली, छातीत गाठ लागतेय. डोळे न उघडता म्हणालो, सगळं अनित्य आहे. ती स्वयंपाकघरात निघून गेली. पटलं असावं.

९ मार्च
एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह गळत होता. मालकाने सगळ्यांदेखत झापलं. मन शांत. मालकाला शुगर आहे. दुपारी त्याच्या चहात दोन चमचे साखर जास्तीची घातली. द्वेष नाही, प्रयोग.

१३ मार्च
बायकोची तपासणी. सोबत चला म्हणाली. हॉस्पिटल म्हणजे मोहाचं आगर. मेहुणीला पाठवलं. तिथल्या वासाने मला गरगरतं, पण तो मुद्दा नाही.

१८ मार्च
कॅन्सर निघाला. मेहुणी रडली, बायको रडली. माझ्या डोळ्यांत टिपूस नाही. आत सगळं थंडगार. म्हणजे झालं की! मुदतीच्या आधीच. लगेच सरांना फोन लावला.  ते म्हणाले, "आग विझली की करुणा उरते. तुमच्याकडे काय उरलंय?"
सरांना हेवा वाटला. माणूस आहे, चालायचंच.

२४ मार्च
बायको मेहुणीकडे राहायला निघाली. ऑपरेशनला तिकडूनच जाणार. कारण विचारलं. साड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "रात्री मला भीती वाटते, रडू येतं. तुमचं ध्यान मोडायला नको."
टोमणा असता तर उत्तर दिलं असतं. टोमणा नव्हता. घरात बसवेना, दुकानात जाऊन रिकामे सिलिंडर पुसत बसलो.

३० मार्च
ऑपरेशन आज. हॉस्पिटलात गेलो. गरगरलं, तरी वॉर्डाच्या दारापर्यंत पोचलो. मेहुणी बाहेर आली. मी म्हटलं, तिला विचार, काही हवंय का, मी आलोय. ती आत जाऊन आली.
"ती म्हणाली, त्यांच्याकडून आता मला काही नको. रागाने नव्हे, भाऊजी. शांतपणे म्हणाली."
आमच्या घरात तृष्णा विझली ती तिची, तीही माझ्यापुरती. मी बाकड्यावर बसून आहे. तिने एकदा आत बोलवावं, एवढंच हवंय.