माझ्या चित्रांना इस्त्री करू नये

हे मृत्युपत्र लिहायचं मी बरेच दिवस टाळलं. आधी कागद चांगला नव्हता, मग पेन. मग खिडकीबाहेर एकजण रुग्णवाहिकेचं चाक बदलत होता, ते बघत बसले. जॅक चुकीच्या जागी लावला होता, म्हणून खाली जाऊन सांगूनही आले. आता उद्या ऑपरेशन आहे आणि बहाणे संपलेत.

तर मी, कॅन्सरच्या चित्रांवर संशोधन करणारी, घरीदारी भिंगरी म्हणून ओळखली जाणारी, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाखाली नसताना (कधीच नव्हते, हीच तर सगळ्यांची तक्रार) लिहून ठेवते की:

१. घर मला नाही. भाड्याच्या खोलीची किल्ली घरमालकीणबाईंना द्यावी. खिडकीची कडी मी बसवली आहे, ती खोलीसोबत राहू द्यावी. बँकेत काही सापडलंच तर ते ताईचं. आईमागे तिने मला वाढवलं. कॉलेजातून दोनदा पळाले, तेव्हा लोक काय म्हणतील हे तिने काढलं नाही. ‘‘जेवून जा,’’ एवढंच म्हणाली.

२. पेचकस, पकड, सोल्डरिंग गन आणि डबाभर स्क्रू तपासणीच्या गाडीच्या चालककाकांना. त्या गाडीवर मी पडेल ते काम करायला चढले, फुकट भटकायला मिळेल म्हणून. गावोगाव छातीचे फोटो काढायचे. इंजिन चालू असलं की फोटो का बिघडतो, हे विचारून मी काकांचं डोकं खाल्लं. ते म्हणाले, ‘‘पोरी, तू नापास का होतेस ते कळलं. पेपरात उत्तरांच्या जागी प्रश्नच लिहीत असशील.’’ तोच प्रश्न मी संशोधन केंद्रातल्या सरांना विचारला. त्यांनी मला पुन्हा कॉलेजात घातलं, पुढे हाताखाली घेतलं. हे उपकार मी मान्य करते. पुढचं कलम हे लक्षात ठेवून वाचावं.

३. सरांना मी आमचं भांडण ठेवते. यंत्रातून येणारं चित्र खरखरीत असतं. डॉक्टरांकडे जाण्याआधी ते गुळगुळीत करायची आमच्याकडे पद्धत आहे, तिला आम्ही इस्त्री म्हणतो. सरांची इस्त्री नावाजलेली. माझं म्हणणं, सुरकुत्यांबरोबर बारीक गाठही सपाट होते. म्हणून मी बिनइस्त्रीचं चित्र वाचायची रीत बसवली. नवी रीत आम्ही आधी स्वतःवर बघतो, म्हणून यंत्रात झोपले. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी ठिपका दिसला. सरांनी इस्त्री फिरवली, ठिपका गेला. म्हणाले, यंत्राची खरखर आहे, हट्ट सोड.

मी म्हटलं, ‘‘सर, यंत्राची खरखर माझ्या श्वासाबरोबर वरखाली होत नाही. हा ठिपका होतो.’’

ते उठून गेले. आई फुप्फुसाच्याच कॅन्सरने गेली हे कळल्यावर सर्जनबाई ऑपरेशनला तयार झाल्या. खरखरीवर सुरी चालवणाऱ्यांच्या दारात पाय ठेवणार नाही, असा सरांनी निरोप धाडला. नका ठेवू. दार तुमच्यावाचून अडलेलं नाही.

४. जिलेटीन ओतून केलेली नकली छाती, जिच्यावर आम्ही यंत्र तपासतो, ती विद्यार्थ्यांना. तिच्यात गाठ म्हणून मणी लपवावा आणि कुठे लपवला ते कुणालाही सांगू नये, सरांनाही. फ्रिजमध्ये ठेवावी, वास येतो.

५. उद्या गाठ निघाली तर मी बरोबर आणि आजारी. नाही निघाली तर धडधाकट आणि चूक. ताई म्हणते, देवा, हिला एकदा तरी चूक ठरव. तिने खुशाल म्हणावं. मला जगायचंय, पण चित्र पुसून नाही. काहीही निघो, मूळ चित्रं जशीच्या तशी जपावीत. माझा फोटो भिंतीवर लावायची वेळ आलीच तर त्यालाही इस्त्री नको. हनुवटीवरचा व्रण दिसलाच पाहिजे.

साक्षीदार पहिल्या: वॉर्डातल्या सिस्टर. सही केली आणि पाण्याचा तांब्या उचलून नेला.

साक्षीदार दुसरे: जागा मोकळी. ताई आणि काका चालत नाहीत, त्यांच्या नावे काहीतरी ठेवलंय.

ठिकाण: वॉर्डातली खिडकीजवळची खाट
तारीख: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारी
सही: भिंगरी

ता. क. दारात सर उभे आहेत. हातात माझी फिल्म आहे, बिनइस्त्रीची. उजव्या तळाशी त्यांच्या लाल पेन्सिलीचं वर्तुळ. ते बघून ताई खाटेच्या कडेला बसली आहे, माझा पाय घट्ट धरून. सही कुठे करायची, एवढंच सर विचारताहेत.