डिझेलने धुतलेले पाय

पीण्या, बेंगळुरू

तीर्थस्वरूप अण्णांस,

धाकट्या दयानंदचा साष्टांग नमस्कार (कागदावर घालायला सोपा जातो, म्हणून आधी तोच). तुमची कंबर कशी आहे? भागूवहिनींचा खोकला थांबला का? तीन वर्षांपूर्वी तुमच्याशी भांडून, पाया न पडता खानापूर सोडलं, त्यानंतरचं हे पहिलंच पत्र. फाडायचं असेल तर निदान वाचून फाडा.

आमची प्रणिता आता दुसरीत आहे. शाळा खासगी, एका मठाची. सकाळी बूट ओळीत काढून सहाशे पोरं मांडी घालून श्लोक म्हणतात आणि उठून लगेच इंग्रजीत पाढे. गेटातून आत शिरलो की माझा आवाज आपोआप खाली येतो. (कारखान्यात ओरडल्याशिवाय कुणी साधा पानाही देत नाही.) गेल्या शनिवारी तिथे आईबापांची पाद्यपूजा होती. मुलांनी आपल्या आईबापांचे पाय धुवायचे, गंध-फूल वाहायचं, ओवाळायचं. आमच्या हिच्या, धनलक्ष्मीच्या पायांचा प्रश्न नव्हता. माझ्या टाचांत मात्र लेथचं काळं तेल मुरलेलं. साबणाने हात टेकले. शेवटी कारखान्यात हात धुतो तसे भुशाने आणि डिझेलने पाय घासले. अण्णा, इतके उजळ पाय मला जन्मतःही नसतील.

पण वास! मैदानभर उदबत्त्या, मोगरा, आणि मध्येच पेट्रोल पंप. श्यामला मिस तबक घेऊन आल्या, थबकल्या, निरांजन चटकन लांब धरून म्हणाल्या, "सार, स्वल्प हिंदे होगी." मी खुर्चीसकट थोडा मागे सरकलो. माझ्या मागचे गृहस्थ न सांगता सरकले. प्रणिताने सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं, "मिस, तो माझ्या पप्पांच्या कामाचा वास आहे." मला ओवाळलंच नाही. फुलावर भागवलं.

मग घंटा वाजली आणि सहाशे पोरं एकदम वाकली. इतकी माणसं इतकी गप्प झालेली मी कधी पाहिली नव्हती. प्रणिताचं कपाळ माझ्या पायावर टेकलं, गरम आणि घामेजलेलं. अण्णा, मी भारावलो आणि घाबरलोही. आशीर्वादाला हात वर केला आणि खानापूर आठवलं. एवढ्याशा पोरीला जे सहज जमलं, ते तुमच्यासमोर मला जमलं नव्हतं. डोळे पुसताना शेजारच्यांना म्हटलं, उदबत्तीचा धूर गेला. (उदबत्त्याही माझ्यापासून लांब नेल्या होत्या, त्यामुळे कुणी विश्वास ठेवला नाही.)

बाकी क्षेम.

तुमचा,
दयानंद

ता.क. पुढच्या महिन्यात आजी-आजोबांची पाद्यपूजा आहे. आई-अप्पा नाहीत, म्हणून मिसना विचारलं, मोठे काका-काकू चालतील का. होकारार्थी मान हलवून "सरी," म्हणाल्या. तुमची दोघांची नावं देऊन टाकली आहेत.

ता.क. दुसरा: प्रणिताचं नुसतं निमित्त आहे. यशवंतपूरला तुम्ही गाडीतून उतरलात की फलाटावरच आधी मी वाकणार. हमाल बघोत नाहीतर पोलीस. तुम्ही फक्त पाय मागे घेऊ नका.