पश्चिमेच्या भिंतीवरचं गवत

आई, काल माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. माझ्या पंच्याहत्तरीसाठी तिनं महाबळेश्वरला तळ्याकाठच्या हॉटेलात खोली घेतली आहे म्हणे. "टीचर, सगळी भिंत काचेची आहे. पलंगावर पडल्या पडल्या पाणी दिसतं." मी म्हटलं, पलंगावर पडून पाणी बघायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही. ती हसली. माझ्या तिरकस बोलण्याला मुली अजून हसतात, मी चिडलेय हे त्यांना कळतच नाही. फोन ठेवला आणि सांगलीच्या या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मला ओल्या गवताचा वास आला. इथं गवत नाही, ओल नाही. तरी आला.

ते हॉटेल उभं राहिलं तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, आठवतं? आपल्या पाच खोल्यांच्या बैठ्या लॉजला लागून, तळ्याच्या बाजूला. आपल्याकडची माणसं संध्याकाळी ज्या पायवाटेनं पाण्यापर्यंत जात, तिच्यावर त्यांनी तारेचं कुंपण घातलं आणि 'फक्त आमच्या पाहुण्यांसाठी' अशी पाटी लावली. तळं काय यांच्या बापानं खणलं होतं? मी तणतणत होते, आणि तू ओट्याशी पिठलं घोटत होतीस. सांगलीचे ते हळदीचे व्यापारी दर उन्हाळ्यात सहकुटुंब आपल्याकडे उतरायचे. त्या वर्षी ते तिकडे उतरले आणि तिकडचं जेवण मिळमिळीत म्हणून दुपारी आपल्याकडे जेवायला आले. वर तोंड करून म्हणतात कसे, "वहिनी, झोपायला तिकडं, जेवायला इकडं. तुमच्या हाताला तोड नाही." मला वाटलं, पिठल्याचं पातेलं त्यांच्या डोक्यावर उपडं करावं. तू त्यांना ठेचा वाढलास. ते गेल्यावर मला म्हणालीस, "आगं, मानसं हौशी असत्यात. नवी नवरी बघाय समदा गाव जातो. म्हनून काय जुनी बायकू टाकतो व्हय?" आपल्या पाचातल्या तीन खोल्या त्या उन्हाळ्यात रिकाम्या राहिल्या. तू रोज त्या झाडत होतीस, उशांचे अभ्रे बदलत होतीस. न वापरलेले अभ्रे धुऊन वाळत घालणारी तू मी बघत होते, आणि माझ्या आत काहीतरी विषासारखं साठत होतं.

वैशाख सरता सरता मेढ्याहून तुझ्या माहेरची माणसं गवत घेऊन आली. दरवर्षीसारखीच. बांबूच्या कामट्यांत गवत दाबून केलेल्या त्या उंच झडी, पश्चिमेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत बांधायच्या, म्हणजे घर अंगावर गोधडी घेऊन बसल्यासारखं दिसायचं. आपल्या भिंती जांभ्या दगडाच्या, आत माती. तिथला पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो आणि महिनोन्‌महिने भिंतच पीत राहतो. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते मुंबईहून आलेल्या त्या मॅनेजरला. तो आपल्या अंगणात येऊन उभा राहिला, बूट चकचकीत, आणि माझ्याशी इंग्रजीत बोलू लागला; मराठी त्याला येत नव्हतं. गवंड्यानं त्याला सांगितलं होतं, शेजारच्या बाईंना विचारा. झडींकडे बोट दाखवून त्यानं विचारलं, आमच्या भिंतीला हे गवत लावायलाच हवं का?

तू हात पुसत पुढं आलीस. "सांग त्यास्नी. पच्चिमंची बाजू उघडी ठिवू नगा म्हनावं. विटा-शिमिटाचा काय भरवसा धरू नगा. आमचं गवात उरलंय, मानसंबी हायती. चार दिसात बांधून हुईल." त्यानं माझ्याकडं पाहिलं. तूही पाहिलंस. माझं इंग्रजी किती चांगलं, हे बघायला तुला फार आवडायचं. आणि मी, कॉन्व्हेंटच्या नन्सच्या हाताखाली खरं बोलायचं शिकलेली, शांतपणे म्हणाले, ही गावाकडची जुनी पद्धत आहे, मातीच्या घरांसाठी. तुमचं बांधकाम पक्कं आहे. नो नीड.

तो आभार मानून गेला. जाताना तू त्याच्या हातात जांभळांचा द्रोण दिलास. उरलेलं गवत मेढ्याची माणसं गाडीत घालून परत घेऊन गेली. त्यांच्या बैलगाडीमागं तू रस्त्यापर्यंत गेलीस आणि बराच वेळ आली नाहीस.

आषाढात हॉटेल बंद. मॅनेजर मुंबईला. मागं फक्त पलूसकडचा रखवालदार आणि त्याची बायको, पश्चिमेच्या टोकाच्या खोलीत. तिथंच ती बाळंत झाली. पाचव्या दिवशी दुपारी तो आपल्या दारात उभा. धुकं इतकं, की आधी आवाज आला, मग माणूस. "आवं मावशी, भितीतनं पानी झिरपतंय वं. हातरून भिजलं. पोरगी काकडलीया." तू म्हणालीस, "हिकडं आन दोघींस्नी." तर तो रडायलाच आला. पाच दिवसांचं मूल, तसल्या पावसात बाहेर कसं काढायचं, आणि साहेबानं जागा सोडायची नाही म्हणून बजावलेलं. बाकीच्या खोल्यांना कुलपं, किल्ल्या मुंबईत.

तू कोयता घेतलास, डोक्यावर इरलं घातलंस आणि आपल्या पश्चिमेच्या भिंतीच्या झडी सोडायला लागलीस. मी मागं धावले. "आई, आपली भिंत?"

"आपल्या भितीमागं कोन निजलंय? रिकाम्या खाटा. तिथं बाळंतीन हाय."

"पण त्यांनी स्वतः का नाही बांधल्या?"

तू कोयता थांबवलास. माझ्याकडं बघितलंस. इरल्याच्या कडेवरून पाणी गळत होतं आणि तुझा चेहरा मला नीट दिसला नाही. एवढंच म्हणालीस, "धर ती कड." मी धरली. रखवालदार आणि आपण दोघी, संध्याकाळपर्यंत झडी वाहत होतो. ती पोरगी वाचली. झडी सोडल्यापासून आठव्या दिवशी आपली भिंत बसली. पडली नाही, बसली, थकलेल्या बाईसारखी. दोन खोल्या तिच्याबरोबर गेल्या. तू ढिगाऱ्यातून खाटेचा एक पाय ओढून काढलास आणि चुलीत घातलास.

हॉटेलवाल्यांनी पुढच्या वर्षी भिंत दुरुस्त केली आणि वैशाखातच झडी बांधून घेतल्या. हळदीचे व्यापारी तिकडेच उतरले. तीन खोल्यांचा लॉज तू आणखी एक उन्हाळा ओढलास, मग मला सांगलीच्या शाळेत नोकरी लागली आणि तू माझ्याकडं आलीस. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आलेय, मोठ्या हॉटेलानं माझ्या आईचा लॉज गिळला. स्टाफरूममध्ये सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, मुलींना वर्गात अन्यायाचं उदाहरण म्हणून सांगितलं. इतक्या त्वेषानं, की कुणी पुढं काही विचारलं नाही. कुंपण घातलं ते खरंच होतं. पाहुणे पळवले तेही खरंच. पण भिंत त्यांनी पाडली नव्हती.

आणि एक गोष्ट मला झोपू देत नाही. कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात तू आठ वर्षं राबलीस, म्हणून मला तिथं फुकट शिकता आलं. तू दुसऱ्यांदा वाढायला गेलीस की नन्स ताटावर हात धरून म्हणायच्या, नो नीड. घरी मी भाकरी नको म्हटलं की तू त्यांची नक्कल करायचीस, मान ताठ करून, "नो नीड व्हय, म्याडम?" इंग्रजी तुला येत नव्हतं. पण हे दोन शब्द येत होते. त्या दिवशी अंगणात मी ते बोलले तेव्हा जांभळांच्या द्रोणावरचा तुझा हात थांबला होता का? मी इतकी वर्षं तो हात बघते. कधी थांबलेला दिसतो, कधी नाही.

शेवटच्या आजारात, इथेच, या खोलीत, मी पेजेचा दुसरा चमचा तुझ्या तोंडाशी धरला. तू मान वळवलीस आणि म्हणालीस, "नो नीड." हसलीस. नक्कल केलीस की त्या दिवसाचं काही सांगितलंस, मला कळलं नाही. चमचा तसाच धरून मी बसून राहिले. तू त्यानंतर दोन दिवस शुद्धीत होतीस. विचारता आलं असतं. मी पेज निवत ठेवली, चादर बदलली, खिडकी लावली, विचारलं नाही.

उद्या त्या विद्यार्थिनीचा फोन पुन्हा येईल. मी नाही म्हणेन आणि ती विचारेल, टीचर, का येत नाही? आई, तुला खरं सांगते, मी तिला हॉटेलानं लॉज गिळला, हेच सांगणार आहे.