हलका हात

४ जानेवारी

नापास! पार्क स्ट्रीटवरच्या जॅझ बँडमध्ये गिटारची जागा रिकामी आहे, त्याची चाचणी होती. पहिल्याच गाण्यातल्या जलद ओळीत अडकले. उजवा हात खांद्यापासून लाकूड. बँड चालवणारे शांतनूदा बंगालीत म्हणाले, "तुमी बाजाच्छो ना, मारछो." वाजवत नाहीयेस, मारतेयस. मग दया आली असावी — अठराला पुन्हा ये म्हणाले. तिशी उलटली माझी. यानंतर कोण बोलावणार?

६ जानेवारी

तार छेडायचं पिक खाली-वर, खाली-वर. सकाळभर तीच एक ओळ. वेग वाढवला की अंगठा आवळतो. मनगट ठणकतंय. सुधारणा शून्य.

९ जानेवारी

खिदिरपूरला गिटारच्या नोएल सरांकडे गेले. त्यांनी शिकवणं कधीच सोडलंय, पण हातापाया पडले. त्यांनी फार वाजवू दिलं नाही, नुसता हात पाहिला. मग विचारलं, घरी अँप कुठे ठेवतेस? म्हटलं, लावतच नाही. त्या स्पीकरशिवाय इलेक्ट्रिक गिटार नुसती कुजबुजते, आणि मी कोरडीच वाजवते! बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा ते म्हणाले होते, आवाज नको गं, धडधडतं. तेव्हापासून बेहालातल्या आमच्या घरात अँप बंद. आई नाही, आम्ही दोघंच.

सर म्हणाले, "इसीलिए. खुद को सुनने के लिए तार पीट रही हो."

खरंच की! ऐकू यावं म्हणून दोन वर्षं जोरात मारत आलेय मी. त्यांनी अँपचा आवाज वाढवला आणि पिकचं टोक जेमतेम तारेला लावायला सांगितलं. हात सैल, मनगट आपोआप फिरलं. ती ओळ आली. अख्खी आली! परत येताना बसमध्ये रडले.

१० जानेवारी

घरी पुन्हा तेच. हलकं वाजवलं तर काहीच ऐकू येत नाही. चुकतेय की बरोबर, कळणार कसं? हेडफोन लावले आणि लगेच काढले. बाबांनी हाक मारली आणि मला ऐकू आली नाही तर? सर आता अठरा तारखेनंतरच भेटणार.

१३ जानेवारी

बाबा हल्ली बोलतच नाहीत. गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसात अख्खा मजला हसवणारा माणूस! आता काही विचारलं की नुसती मान हलवतात. पुण्याहून आत्याचा फोन आला की माझ्याच हातात देतात. ऑपरेशननं खचलेत. मी चिडायला नको. पण चिडते.

१५ जानेवारी

आज विचारलंच. भाजी चिरता चिरता, पाठमोरीच — तोंडावर विचारायची हिंमत नव्हती. बाबा, शनिवारी शेवटची संधी आहे. दोन दिवस अँप लावू का? दिवसाच, थोडाच वेळ. वळून पाहिलं तर ते खिडकीबाहेर बघत बसलेले. हो नाही, नाही पण नाही.

पुन्हा नाही विचारलं. माझं वाजवणं त्यांना कधी आवडलंच नव्हतं बहुतेक. इतका राग आला की जेवायला वाढताना ताट आपटलं. ते मान वर करून माझ्याकडे बघून हसले. त्या हसण्याचा आणखी राग आला.

१८ जानेवारी

संपलं. पहिल्या दोन ओळी हलक्या आल्या, मग घाबरले आणि हात सवयीनं मारायला लागला. शांतनूदांनी मधेच थांबवलं. जागा दुसऱ्या कुणाला तरी दिली. घरी आले तर बाबांनी साधं विचारलंसुद्धा नाही, कसं झालं म्हणून. मीही सांगितलं नाही. कशाला सांगू?

१९ जानेवारी

गिटारला हात लावला नाही. कशालाच लावला नाही.

२१ जानेवारी

अँप विकायला काढला. घेणारा संध्याकाळी येणार, म्हणून चालतो का बघायला गिटार जोडली आणि एकच तार छेडली. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं, माझ्या लक्षातच नव्हतं. केवढा आवाज! खालच्या मजल्यावरचं मूल रडायला लागलं. बाबा माझ्याकडे पाठ करून पेपर वाचत होते. त्यांनी शांतपणे पान उलटलं.